हाताच्या पाठीवरला वारा

पताकेच्या कागदाची एक गुलाबी पट्टी आमच्या घरी आरशाच्या खिळ्याला लटकत असायची. बोटभर रुंद, वीतभर लांब, देवळातल्या पताका कापताना उरलेली. दारावरून जाणाऱ्या बायका पाणी प्यायला टेकल्या की विचारायच्या, "ह्यां काय गो लावलंस?" आणि आई पदराला हात पुसत सांगायची, "तां चेडवाच्या बोलण्याचा आसा." यावर विचारणारी तांब्या खाली ठेवून उठायची, कारण आमच्या चेडवाला, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीला, प्रभाला, ऐकू येत नाही आणि बोलताही येत नाही हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. पट्टी मी लावली होती. तिच्यापायी माझ्या हातून काय घडलं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सांगण्याजोगं माणूस एकच होतं, आणि तिच्याशी बोलायची भाषा मी फार उशिरा शिकले.

आमचं घर मालवणपासून पायी तासाभरावर, खाडीच्या काठाला. ओटीवर बाबांचं शिवणकाम चालायचं आणि मागे आईची चूल. सकाळी उकड्या तांदळाची पेज, सोबत भाजलेला सुका बांगडा नाहीतर खोबऱ्याचा तुकडा. दुपारी भात, सोलकढी आणि खाडीने जे काही दिलं असेल ते. घरात आवाज भरपूर. मशीनची खडखड, रहाटाची करकर, कोंबड्या, आणि या सगळ्याच्या मागे समुद्राची गाज, जी आपण ऐकत होतो हे गाव सोडल्यावरच कळतं. प्रभाला यातलं काहीच नव्हतं. दीड वर्षाची असताना तिला ताप भरला. तो उतरला तेव्हा तिचे कान घेऊन गेला. पण ती बाबांच्या मशीनला पाठ टेकून बसायची आणि सुई बोथट झाली की बाबांच्या आधी तिला कळायचं. मशीनच्या फळीवर दोन थापा मारून ती त्यांना थांबवायची. बाबा सुई काढून बघायचे आणि मान डोलवायचे.

घरात तिचं हातांनी सगळं सुरळीत चालायचं. हवेत दोन बोटांनी पट्टे ओढले की बांगडा. तळवे उघडले-मिटले की तिसऱ्या, खाडीतल्या शिंपल्या. नाकपुडीला चिमूट लावली की आई, तिच्या चमकीवरून. मानेभोवती हात फिरवला की बाबा, गळ्यातल्या मापाच्या टेपवरून. छातीवरून दोन मुठी खाली ओढल्या की मी, माझ्या दोन वेण्यांवरून. या खुणा तिला कुणी शिकवल्या नव्हत्या. तिने काढल्या, आई-बाबांनी उचलल्या, आणि मीही लहानपणी उचलल्या होत्या. मोठी होत गेले तशा मला त्या खुणांची लाज वाटायला लागली. खोटं कशाला बोलू? मैत्रिणींसोबत चालताना ती समोरून येऊन हात हलवू लागली की मी नजर चुकवायची.

मी चौदा वर्षांची आणि ती दहाची असताना गावच्या शाळेत घाटावरचे एक मास्तर आले. उंच, सडपातळ, टोपी कधी न काढणारे. आमचं बोलणं त्यांना अजिबात सोसवत नसे. मालवणी माणूस शब्दाच्या शेवटचा जोर गिळतो. वाघाचा आमच्याकडे वाग होतो, दूध असतं ते दूद, आणि आठ वाजत नाहीत, आट वाजतात. मास्तर वैतागून म्हणायचे, "अरे, श्वास कसला वाचवता? साठवून नेणार आहात कुठे?" मग त्यांनी उपाय काढला. सगळ्यांनी डाव्या हाताची पाठ तोंडासमोर धरायची आणि म्हणायचं क, ख. क म्हटलं की हाताला काही लागत नाही. ख म्हटलं की गरम वारा लागतो. तसंच प आणि फ, त आणि थ. पहिलं ते अल्पप्राण, दुसरं ते महाप्राण. तोंडाची ठेवण दोन्हीला तीच, फरक फक्त प्राणाचा, म्हणजे श्वासाचा. पोरं हातावर थुंकी उडवून हसायची. मला मात्र ते फार आवडलं. आपल्या तोंडात इतकी वर्षं हे चाललंय आणि आपल्याला पत्ता नाही, याचं मला नवल वाटलं. आठ दिवसांत माझे वाघ आणि दूध वर्गात सगळ्यांत स्वच्छ झाले आणि मी मास्तरांची लाडकी झाले.

त्याच आठवड्यात एका दुपारी मी प्रभाला मागल्या पडवीत समोर बसवलं. तिला माझं तोंड बघायची सवय होती, पण तोंड बघून तिला काही मिळत नसे, आणि का मिळत नाही ते मला त्या दिवशी कळलं. प, फ, ब, भ, म, पाचही अक्षरांना ओठ तसेच मिटतात नि तसेच उघडतात. बघणाऱ्याला सगळं एकच. ऐकणाऱ्याला जो फरक आयता मिळतो तो हिला मिळणार कुठून? मी तिचा हात धरला, त्याची पाठ माझ्या तोंडासमोर आणली आणि म्हटलं, प. मग म्हटलं, फ. तिने हात झटकन मागे घेतला आणि त्याच्याकडे बघत बसली. पुन्हा स्वतःच पुढे केला. मी पुन्हा फ म्हटलं. मग तिने तोच हात स्वतःच्या तोंडासमोर धरला, गाल फुगवले, आणि तिच्या तोंडून फ बाहेर पडला. आवाज नव्हता त्यात, नुसता वारा होता, पण फ होता. मी धावत जाऊन आईला आणलं. आई हात खरकटे असतानाच खाली बसली आणि रडायला लागली. पताकेचा कागद मी त्याच संध्याकाळी कापला, म्हणजे प्रभाला वारा डोळ्यांनीही दिसेल. प म्हटलं की पट्टी जागच्या जागी, फ म्हटलं की फडफड.

पुढे पोटासाठी मी हेच शिकवलं. कॉलेजात ध्वनिविज्ञान, तीसेक वर्षं. पोरांना मी सांगायची की इंग्रज माणूस पेन म्हणतो तेव्हा हातावर जवळजवळ आपल्या फ इतका वारा येतो, आणि त्याला ते ठाऊकही नसतं, कारण त्याच्या लिपीत त्याला वेगळं अक्षर नाही. फ्रेंच माणूस तोच प कोरडा म्हणतो. माझी एक सहकारी तमिळ होती. तिच्या लिपीत क, ख, ग, घ या चौघांना मिळून एकच अक्षर. तिला आमचा ख आणि घ म्हणजे निव्वळ धापा टाकणं वाटायचं. आणि लांब उत्तरेला आइसलँड नावाचं बर्फाचं बेट आहे. तिथल्या भाषेत काही शब्दांत श्वास अक्षराच्या आधीच येऊन जातो. आधी वारा, मग व्यंजन. हे पहिल्यांदा वाचलं त्या दिवशी मी पुस्तक मिटून ठेवलं आणि दोन दिवस वर्गावर गेले नाही. प्रभाचं तसंच व्हायचं. बोलायच्या आधी श्वास सुटायचा आणि अक्षराला काही उरायचं नाही. तेव्हा मी तिला त्यासाठी मारलं होतं.

मारायची वेळ का आली ते सांगते. आईने नवस बोलला होता. आमच्या देवळात जत्रेच्या दिवशी सकाळी गाऱ्हाणं घालतात. गावचा मानकरी देवापुढे उभा राहून सगळ्यांच्या वतीने देवाला साकडं घालतो, आणि त्याच्या प्रत्येक मागण्याला जमलेली माणसं एका आवाजात म्हणतात, "होय महाराजा." आईने देवाला सांगितलं होतं की माझ्या चेडवाचं गाऱ्हाणं घालीन त्या वर्षी तुझ्यापुढे "होय महाराजा" ते स्वतःच्या तोंडाने म्हणेल. फ निघाला त्या दिवसानंतर तिला वाटायला लागलं की हेच ते वर्ष. आणि मास्तरही त्यात पडले. प्रभाला शाळेत घ्या म्हणून बाबा दोनदा त्यांच्याकडे जाऊन आले होते. मुकी मुलगी वर्गात कशी बसवायची म्हणून मास्तरांनी परतवलं होतं. आता ते म्हणाले, "जत्रेत चारचौघांसमोर तिने दोन शब्द बोलून दाखवले, तर जूनमध्ये मी तिचं नाव पटावर घालतो. मग कुणी हरकत घेणार नाही." शाळा हवी होती ती प्रभालाच. माझ्या दप्तराला ती कुणाला हात लावू देत नसे. पाटीवर माझी अक्षरं बघून जशीच्या तशी काढायची, अर्थ न कळता, ओळीमागून ओळ.

चार महिने होते हातात. मी हट्टाला पेटले. मास्तरांनी मला बजावलं होतं की तिला हातवारे करू दिलेस तर तोंड कधी उघडायची नाही. मग मी घरात फर्मान काढलं की प्रभाशी कुणी खुणांनी बोलायचं नाही. पाणी हवं तर पाणी म्हण. बांगडा हवा तर बांगडा म्हण. तिने हवेत पट्टे ओढले की मी तिचे हात खाली दाबायची. तरी ऐकेना, तेव्हा बाबांच्या दुकानातल्या कापडाच्या काठाने ते पाठीमागे बांधले. एकदा बाबांनी बघितलं. कात्री बाजूला ठेवून म्हणाले, "सोड गो तिचे हात." मी म्हटलं, "बाबा, मास्तरांनी सांगल्यानी हा. तिच्याच बऱ्यासाठी करतंय मी." ते आईकडे बघत राहिले. आई म्हणाली, "चार म्हयन्यांचो तर प्रश्न आसा. करूंदे तिका." बाबांनी कात्री उचलली आणि पुन्हा कापड बेतायला घेतलं. मशीनला पाठ टेकून बसलेल्या प्रभाचे हात बांधलेले होते, त्यामुळे सुई बोथट झाली तेव्हा तिने डोक्याने फळीवर दोनदा ठोकलं.

होय महाराजा हे शब्द निवडले आईच्या नवसाने, पण अक्षरं सोयीची होती. ह म्हणजे नुसता प्राणच. त्याला ओठ लागत नाहीत, जीभ लागत नाही, छातीतून सुटला की झाला. तो प्रभाला हातावर लगेच सापडला. म तिला ओठांवर दिसायचा. रा आणि जा यांना फार दिवस गेले; श्वास आधीच सुटून अक्षर रिकामं पडलं की मी तिच्या हातावर फटका मारायची. माझ्या गळ्यावर एक हात, तोंडासमोर दुसरा, अशी ती सकाळ-संध्याकाळ माझ्या समोर बसलेली असायची, डोळे माझ्या तोंडावर रोखून. तिचा आवाज निघाला तो विचित्र होता, उंच आणि सपाट. ज्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही त्याचा दुसरा कसा असणार? पण शब्द कळत होता. मध्ये मी तिला दूधही शिकवलं. ती शेवटचा ध इतका जोर लावून म्हणायची की पट्टी उडून आरशावर आपटायची. बाबा हसत म्हणाले, "आमच्या घरात शुद्ध बोलणारा ह्यां एकच." प्रभाने त्यांना हसताना बघितलं आणि तीही हसली. त्या काळातलं तिचं तेवढं एक हसणं मला आठवतं.

जत्रेची सकाळ उजाडली. आईने प्रभाला नवा परकर-पोलका घातला. बाबांनी तो स्वतः शिवला होता, गळ्याला निळी पट्टी लावून. मी तिच्याकडून शेवटचं म्हणून घेतलं. स्वच्छ आलं. आम्ही निघणार एवढ्यात तिने माझी ओढणी धरली आणि मला पडवीत नेलं. तिथे तिने हातांनी काहीतरी विचारलं. आधी छाती पुढे काढून, हात जोडून ती मानकऱ्यासारखी उभी राहिली. मग स्वतःच्या पाठीवर हात मागे नेऊन थापटला. मग डोळे झाकले. मग दोन्ही तळवे वर करून माझ्याकडे बघत राहिली. मला कळलं. अगदी चोख कळलं, लहानपणापासून तिच्या खुणा माझ्या अंगात होत्या. ती विचारत होती, मानकरी देवाकडे तोंड करून उभा राहणार, त्याची पाठ माझ्याकडे असणार, त्याचं तोंड मला दिसणार नाही, मग मी कधी बोलायचं ते मला कसं कळेल?

चार महिन्यांत हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. आम्ही सगळा सराव समोरासमोर बसून केला होता. आई रोज देवळात जाणारी, बाबा दर जत्रेला उभे राहणारे, मी इतकी हुशार, आणि गाऱ्हाणं घालणारा देवाकडे तोंड करून असतो हे जन्मभर बघूनही आम्हाला दिसलं नाही, कारण आम्हाला ते ऐकू येत होतं. दिसलं ते तिला. उत्तरही सोपं होतं. मी तुझा हात धरून उभी राहीन आणि वेळ आली की दाबीन, एवढं सांगायचं होतं. तिच्याच खुणांनी सांगायला अर्धं मिनिट लागलं नसतं. पण तिने हातांनी विचारलं होतं, आणि माझा नियम होता. मी तिच्या वर केलेल्या तळव्यांवर चापट मारली आणि म्हटलं, "तोंडान बोल." तिने हात खाली घेतले. पुन्हा तिने तो प्रश्न विचारला नाही.

देवळात माणसं दाटली होती. जत्रेतल्या गुळाच्या खाज्याचा, उदबत्तीचा आणि नव्या कपड्यांचा वास. मास्तर खांबाशी टोपी घालून उभे. मानकऱ्याला आईने सगळं समजावून सांगितलं होतं. चेडवाचं गाऱ्हाणं घातलं की सगळ्यांनी गप्प राहायचं, होय महाराजा ते एकटं म्हणेल. प्रभाला पुढे उभं केलं. मी तिच्यापासून चार हातांवर, माझ्या मैत्रिणींच्या रांगेत, हात पाठीमागे बांधून. मानकऱ्याने नेहमीची मागणी घातली, पाऊसपाण्याची, दर्यावर गेलेल्यांची, मुंबईत असलेल्यांची, आणि देऊळ भरून होय महाराजा उठलं. मग तो म्हणाला, "बा देवा, ह्या लेकराक तू कान देवक इसारलंस. आता तेका वाचा दी. चार पोरांत बसान शिकांदे तेका, महाराजा." आणि थांबला.

सगळे गप्प. प्रभाला त्याची पाठ दिसत होती. तिने वळून माझ्याकडे बघितलं, भुवया उंच करून. मी तोंडाने म्हटलं, आता. या शब्दात बघणाऱ्याला काय दिसतं? तोंड उघडतं आणि पुन्हा उघडतं, बस. माझा एक हात वर झाला असता तरी पुरलं असतं. मैत्रिणी बघत होत्या. मास्तर बघत होते. मी पुन्हा आता म्हटलं, मोठं तोंड करून. ती माझ्या ओठांकडे बघत राहिली. शांतता इतकी लांबली की एक बाई खोकली. मानकऱ्याला वाटलं, होत नाही चेडवाकडून. म्हातारा माणूस, सांभाळून घ्यायला त्याने पुढचं वाक्य सुरू केलं, काहीतरी गाईगुरांचं. ते अर्ध्यावर असताना प्रभाच्या डोळ्यांत काहीतरी ठरलं. तिने छाती भरून श्वास घेतला आणि देवाकडे तोंड करून ओरडली, होय महाराजा. उंच, सपाट, सगळ्या ताकदीनिशी, त्याच्या बोलण्याला मधेच तोडून.

आधी एक पोर हसलं. मग बायका हसल्या. लोक वाईट नव्हते, कौतुकाचंही हसू होतं त्यात, मानकरी स्वतः वळून हसला, मास्तरांच्याही ओठांवर हसू आलं. पण हसण्यातलं कौतुक कानाला कळतं. डोळ्यांना फक्त उघडी तोंडं दिसतात. प्रभा वळली. तिने ती सगळी तोंडं एकेक करून बघितली आणि शेवटी माझ्याकडे बघितलं. तेव्हा मी हसत होते. मैत्रिणी हसत होत्या आणि मीही हसत होते. का हसले याचं उत्तर मी इतकी वर्षं शोधलं आणि ते काही चांगलं सापडलं नाही. मला लाज वाटली होती, आणि लाज झाकायला मी हसले. एवढंच.

आईला काही बिघडलंसं वाटलं नाही. ती डोळे पुसत खाजा वाटत होती आणि ज्याला त्याला सांगत होती, "तां बोललां. देवाक काय येळ बघूची आसता? माझो नवस फिटलो." घरी आल्यावर मी पट्टी काढून प्रभासमोर धरली, पुन्हा म्हण म्हणून. तिने पट्टीकडे बघितलं, ओठ मिटले आणि बाबांच्या मशीनपाशी जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी तेच. आठवड्याने तेच. मास्तर शब्दाला जागले. जूनमध्ये त्यांनी तिचं नाव पटावर घातलं. ती तीन दिवस शाळेत गेली, पाटी मांडीवर घेऊन शेवटच्या रांगेत बसली, आणि मास्तरांनी काहीही विचारलं तरी तोंड उघडलं नाही. चौथ्या दिवशी तिने पाटी माझ्या दप्तरात ठेवली आणि बाबांच्या कात्रीला हात घातला. त्यानंतर आमच्या घरात प्रभाचा आवाज कुणी ऐकला नाही. रडतानाही नाही. बाबांनी मला शब्दाने दुखवलं नाही. ते फक्त पुन्हा तिच्याशी खुणांनी बोलायला लागले, आणि काही दिवसांनी आईही. मी लागले नाही. मला वाटायचं, माझे हात उचलायचा हक्क गेला.

पट्टी मी मोडली नाही. शिकायला गाव सोडलं तेव्हा ती माझ्यासोबत आली, नोकरीच्या गावी आली, पाचवारी साड्यांच्या घड्यांत राहून पांढरी पडली. वर्गात मी ती पोरांच्या तोंडासमोर धरायची. बाई कसं सोपं करून शिकवतात असं पोरं म्हणायची. इकडे प्रभा शिवायची. बाबा गेले, आई गेली, आणि ओटीवरची मशीन तिची झाली. आसपासच्या चार गावांतल्या बायका तिच्याकडे पोलकी टाकायच्या. माप घेताना ती बाईच्या बरगड्यांवर हात ठेवून दोन श्वास थांबायची, भरलेली छाती किती आणि रिकामी किती ते बघायला, आणि मग टेप लावायची. तिने शिवलेलं पोलकं काखेत कधी काचत नसे. मे महिन्यात मी यायची, आठ-दहा दिवस राहायची, आम्ही एकमेकींना जेवायला वाढायचो. ती माझ्यावर रागावलेली नव्हती. असती तर बरं झालं असतं.

निवृत्त झाल्यावर मी कायमची परत आले आणि तिच्या खुणा पहिल्यापासून शिकले. कितीतरी नव्या झाल्या होत्या. मोबाइलची होती, गॅसच्या सिलिंडरची होती, पर्यटकांची होती, डोक्यावर टोपी आणि डोळ्यांवर काळा चष्मा. ती मला चुकले की बोटं धरून नीट करायची, न चिडता. माझी खूण मात्र तीच होती. माझे केस कापून पंचवीस वर्षं झाली होती, तरी तिच्या हातात मला दोन वेण्या होत्या.

गेल्या वर्षी पाऊस सरता सरता तिचं हृदय थकलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि जास्त काही होण्यासारखं नाही असं मला बाजूला घेऊन सांगितलं. बाजूला घ्यायची गरज नव्हती, पण सांगणाऱ्याला सवय असते. तिची खाट मी मागल्या पडवीत घातली, जिथे फ निघाला होता तिथेच. एका दुपारी पेज भरवून झाली, तिने चार चमचे घेतले आणि भांडं दूर केलं. मला वाटलं, आता नाही तर कधीच नाही. मला माफी मागायची होती आणि आमच्या घरच्या खुणांत माफीची खूणच नव्हती. ती कुणी काढलीच नव्हती. तिने कधी असं काही केलं नव्हतं की तिला लागावी, आणि ज्यांनी केलं होतं त्यांनी मागितली नव्हती.

मग मी उठून तिच्यासमोर उभी राहिले. छाती पुढे काढली, हात जोडले. माझ्या पाठीवर हात मागे नेऊन थापटला. डोळे झाकले. दोन्ही तळवे वर केले. सत्तरीची बाई, गुडघे धरलेले, खाटेपुढे हे सोंग करत होते. प्रभा बघत राहिली. तिला आठवलं हे मला तिच्या डोळ्यांत दिसलं. मी खाटेवर बसले, तिचा उजवा हात माझ्या हातात घेतला आणि दाबला. पुन्हा दाबला. त्या सकाळी द्यायचं उत्तर एवढंच होतं.

मग तिने तिचा दुसरा हात उचलला, माझा डावा हात धरला आणि ओढून स्वतःच्या तोंडासमोर नेला, पाठ तोंडाकडे करून, मी शिकवलं होतं तसा. तिचे ओठ उघडले. माझ्या हातावर गरम वारा आला, एकदाच, बऱ्यापैकी जोराचा. त्यानंतर तिने डोळे मिटले आणि हात तिथेच राहू दिला. तीन दिवसांनी ती गेली.

तो होय मधला ह होता की नुसता थकलेल्या माणसाचा श्वास होता, ते मला सांगता येत नाही. दोन्हीला तोंड सारखंच उघडतं. मी जन्मभर लोकांना हा फरक शिकवला, आणि त्या दुपारी हाताच्या पाठीवर तो वारा घेऊन बसले तेव्हा मला काही कळलं नाही. विचारायला हवं होतं. माझ्या एका हातात तिचा हात होता आणि दुसरा तिच्या तोंडासमोर, आणि विचारायला माझ्याकडे तिसरा हात नव्हता.